भेग पॉलिशखाली आहे की पॉलिशमधून?

विचारणाऱ्या ताई नाशिकच्या, गाणं शिकतात. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीत त्यांनी एका गृहस्थांकडून बायकी, म्हणजे बायकांच्या आवाजाला जुळणारा, तंबोरा घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘मिरजेचा जुना तंबोरा, उत्तम स्थितीत, कुठेही तडा नाही.’ 18,000 रुपये यूपीआयने दिले, तंबोरा कुरिअरने आला. तिसऱ्या दिवशी पुसताना भोपळ्याच्या मागच्या अंगाला वीतभर रेघ दिसली. खर्जाची तार छेडली की आतून करकर येते. विकणारे म्हणतात, आमच्याकडून ठणठणीत निघाला, कुरिअरवाल्यांनी आपटला असेल. आता करायचं काय?

ताई, आधी तारा उतरवा. बाकीचं नंतर. पूर्ण सैल सोडू नका, नाहीतर घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो ठोकळा, घसरेल आणि तिची जागा हरवेल. घोडीच्या दोन्ही बाजूंना पट्टी ठेवून एक फोटो काढा आणि मग चारही तारा चार-पाच स्वर खाली आणा. सूर बारीक लावायचे मणी खाली ओढून ताणलेले असतील तर तेही वर, घोडीकडे, घेऊन सैल करा. तंबोरा आडवा, मऊ गादीवर, उन्हापासून आणि पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर ठेवा. त्या रेघेवर फेविक्विक, एम-सील, मेण, तेल काहीही लावू नका. पुसूसुद्धा नका. त्या रेघेतली घाण हाच तुमचा पुरावा आहे. पुसून काही गेलं असेल तर असो, उरलेलं जपा.

तारांचं एवढं का सांगतोय, तर मीच ही चूक केली आहे. तीसेक वर्षं तंबोरे-सतारी दुरुस्त करतोय, तरी एकदा ऑनलाइन मागवलेला पुरुषी तंबोरा आला त्याच संध्याकाळी उत्साहानं काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, चढवला. रात्री खोलीतून टक्क असा आवाज आला. सकाळी पाहतो तर दांडी आणि भोपळा जुळतात तिथे, गळ्याशी, सांधा उघडलेला. तो सांधा आधीच कच्चा होता, वरून नुसता रंग मारला होता, हे मला दिसत होतं. पण विकणारा म्हणाला, तार तुम्ही चढवलीत, आता माझा काय संबंध? आणि त्याचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काहीही नव्हतं. तार चढवण्याआधीचा एक फोटोसुद्धा नव्हता.

आता मूळ मुद्दा. तुमचं अर्धं भांडण ‘तडा आहे की नाही’ यावर चाललंय. तडा आहेच, तो दोघांनाही दिसतोय. प्रश्न त्या तड्याच्या वयाचा आहे. वय कळलं की पैसे कोणाकडे मागायचे, किती मागायचे आणि मागायचे की नाही, हे तिन्ही आपोआप ठरतं.

वय ओळखायची पहिली खूण म्हणजे पॉलिश. बॅटरी समोरून मारू नका, भोपळ्याला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडा आणि रेघेवरून नख आडवं फिरवा. नख न अडकता गुळगुळीत गेलं, पण रेघ मात्र काचेखाली दिसावी तशी दिसतेय, तर तडा पॉलिशच्या खाली आहे. म्हणजे आधी तडा गेला, मग कोणीतरी तो भरला, मग वरून पॉलिश केलं. कुरिअरवाला भोपळा फोडू शकतो, फोडून वर पॉलिश करू शकत नाही. उलट नख अडकलं, पॉलिशचेही दोन काठ सुटलेले दिसले, काठावर बारीक टवके उडालेले असले, तर तडा पॉलिशमधून गेलाय, म्हणजे पॉलिशनंतरचा आहे.

पण इथे घाई करू नका, कारण तिसरी शक्यता असते आणि माझ्याकडे येणाऱ्या वाद्यांत तीच जास्त दिसते. जुना तडा, त्यात भुसा आणि फेविकॉल, वर पॉलिश, आणि प्रवासात दणका बसून तोच पुन्हा उघडलेला. अशा वेळी पॉलिश ताजं फाटलेलं दिसतं आणि विकणारा म्हणतो, बघा, नवाच आहे. म्हणून तड्याच्या आत पाहायचं. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठा फोटो काढा. ताज्या तड्याची कड आत फिकट पिवळसर, कोरडी, स्वच्छ असते. नारळाची करवंटी फोडल्यावर जशी कड दिसते तशी, फक्त रंगानं उजळ. जुन्या तड्याची कड काळपट, धुळीनं भरलेली, नाहीतर आत डिंकासारखा चकाकणारा थर. भुसा भरलेला असेल तर तो दाणेदार दिसतो आणि त्याचा रंग भोपळ्याशी कधीच नीट जुळत नाही. म्हणूनच झाकणारे लोक त्या भागाला जरा गडद रंग देतात. मागची बाजू बाकीच्यापेक्षा काळसर वाटली, तर आधी तिथे बघा.

आणखी एक युक्ती आहे. नोटा तपासायची निळी-जांभळी अतिनील टॉर्च मिळते. अंधारात ती मारली की जुनं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश नारिंगीसर उजळतं आणि पांढरा गोंद निळसर-पांढरा दिसतो. दुरुस्तीची जागा अंगावरच्या डागासारखी उठून दिसते. आता बऱ्याच वाद्यांवर चपड्याऐवजी फवाऱ्यानं मारायचं तयार पॉलिश असतं, ते वेगळं दिसतं. त्यामुळे आधी भोपळ्याचा शाबूत भाग बघा आणि मग रेघेची जागा त्याच्याशी ताडून पाहा. आणि नाकही वापरा. नुकतंच पॉलिश केलेल्या वाद्याला स्पिरिटचा किंवा थिनरचा वास काही दिवस राहतो. वीस वर्षांच्या तंबोऱ्याला थिनरचा वास येत असेल तर विकण्याआधी हात फिरलाय. तो हात सफाईचा होता की लपवाछपवीचा, एवढंच पाहायचं उरतं.

तड्याची दिशाही बोलते. भोपळा म्हणजे लाकूड नव्हे. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आणतात, महिनोन्महिने वाळवतात, भिजवून आकार देतात. वाळलेल्या भोपळ्याला लाकडासारखे सरळ तंतू नसतात, त्यामुळे तडा नागमोडी जातो. हवा कोरडी पडून, भोपळा आकसून गेलेला तडा बहुधा तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी पाटी, बसवलेल्या काठापासून निघतो आणि खाली पाठीकडे उतरतो. आपटून गेलेला तडा मार बसलेल्या जागेपासून निघतो, कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-तीन फाटे फुटतात, मधे थोडा दबका येतो. तसा असेल तर खोक्यावरही त्याच जागी चेपलेलं दिसायला हवं. म्हणून खोकं, थर्माकोल, गोणपाट, वरचा पत्ता, सगळं जपून ठेवा. तुम्ही ते जिन्याखाली टाकलं असेल तर आत्ता उचलून आणा.

आता त्या करकरण्याबद्दल. हे ऐकून तुम्ही घाबरला आहात, पण करकर म्हणजे तडा असंच काही नाही. तंबोऱ्याचा सगळा नादच मुळात घोडीवर तार घासून उठणारा. जवारी, म्हणजे घोडीच्या माथ्याची घासून केलेली घडण, उतरलेली असेल, घोडीवर तारेखाली सरकवायचा दोरा चुकीच्या जागी असेल तर तंबोरा पत्र्यासारखा वाजतो आणि नवशिक्याला वाटतं वाद्य फुटलंय. फरक असा ओळखा. जवारीची खरखर तारेबरोबर जाते, दोरा किंचित पुढे-मागे केला की बदलते. सैल भागाची करकर एखाद्याच सुराला येते, बाकी सुरांना गप्प, आणि दोरा हलवून ती जात नाही. तारा उतरवलेल्या असताना बोटाच्या पेरानं भोपळ्यावर, तबलीवर, गळ्यावर हळूहळू ठोकत जा. जिथे सुटलंय तिथे ‘टण्’चं ‘टर्र’ होतं. पुष्कळदा ती करकर भोपळ्याची नसून काठाच्या सुटलेल्या सेल्युलॉइडच्या पट्टीची किंवा गळ्यावर चिकटवलेल्या नक्षीच्या पानाची निघते. असं पान पुन्हा चिकटवून मी लोकांकडून चहाच्या पलीकडे काही घेत नाही.

भोपळ्याच्या नादात बाकीचं तपासायचं राहू नये. दांडीला डोक्याकडून एक डोळा मिटून बघा, पिळलेली किंवा पुढे झुकलेली आहे का. गळ्याच्या सांध्यात पोस्टकार्डाचा कोपरा शिरतो का. तबलीवर पट्टी आडवी धरा. तबली मुळात थोडी फुगीर असते. पट्टीखाली मधे फट दिसली तर ती बसलेली आहे, आणि बसलेली तबली हा तड्यापेक्षा मोठा आजार आहे, कारण तिच्यावर घोडी आणि घोडीवर सगळा ताण. मग पांढऱ्या कागदावर तंबोरा धरून हलकेच थोपटा. बारीक पिठासारखा भुगा पडला आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर आत कीड जिवंत आहे. तसं असेल तर तंबोरा घरातल्या पेटी-तबल्यापासून लगेच वेगळा करा. खुंट्या घसरणं, तारा गंजणं, दोरा नसणं, घोडीवर तारांचे चरे पडणं, हे मात्र नुकसान नव्हे. जुन्या वाद्याचं ते रोजचं दुखणं आहे. तक्रारीत ते घातलंत तर खरी तक्रारही किरकोळ वाटायला लागते.

समजा तपासून असं निघालं की तडा जुना, भरलेला, वर पॉलिश. मग विकणाऱ्यांना लिहा. फोन नको, लेखी. आणि पहिल्या निरोपात ‘फसवणूक’ हा शब्द वापरू नका. कितीही राग आला तरी. कारण अर्ध्या वेळा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आजीचा तंबोरा असतो, मधे कधीतरी कोणीतरी दुरुस्त केलेला असतो, नातू विकतो. त्याला चोर म्हटलं की तो वकिलाच्या भाषेत बोलायला लागतो. मी असं लिहीन:

‘नमस्कार. तंबोरा अमुक तारखेला मिळाला. भोपळ्याच्या मागे सुमारे आठ इंचांचा तडा आहे. तो पूर्वी भुशानं भरून वरून पॉलिश केल्याचं दिसतं. सोबत चार फोटो जोडले आहेत. जाहिरातीत कुठेही तडा नाही असं म्हटलं होतं. ही दुरुस्ती कधी आणि कोणाकडून झाली, याची आपल्याला कल्पना आहे का? विक्रीपूर्वी पॉलिश करून घेतलं होतं का? वाद्य मी वाजवणं थांबवलं असून आहे त्या स्थितीत ठेवलं आहे. आपण ते परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा मला ठेवायचं झाल्यास दुरुस्तीच्या खर्चाइतकी रक्कम परत करावी. कृपया सात दिवसांत कळवावं.’

यातले दोन प्रश्न महत्त्वाचे. उत्तर काहीही आलं तरी ते उपयोगी पडतं. ‘हो, मागच्या महिन्यात पॉलिश केलं’ असं उत्तर आलं तर कुरिअरची कहाणी संपली.

कायद्याचं थोडं सांगतो. मी वकील नाही, पण या कामात इतक्यांचे कागद पाहिलेत की मोठ्या वाटा पाठ झाल्या आहेत. तुम्ही खासगी माणसाकडून घेतलंय. दुकानदार किंवा धंदा करणारा असता तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा थेट लागू झाला असता: स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलता येतं. ऑनलाइन व्यापाराचे 2020 चे नियमही आहेत. वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचं असतं. कोणी ‘घरगुती’ म्हणून जाहिरात देतो आणि त्याच्या नावावर आणखी बारा तंबोरे विकायला दिसतात, तर तो घरगुती नाही. त्याच्या बाकीच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आजच घ्या, उद्या त्या नसतील.

खऱ्याखुऱ्या खासगी विक्रेत्याशी मात्र जुने कायदे, 1872 चा कराराचा आणि 1930 चा माल विक्रीचा. तिथे एक बारीक फरक आहे, आणि त्यासाठीच मी तुम्हाला इतका वेळ तडा बघायला लावला. जुन्या वस्तूच्या दोषाबद्दल विकणारा नुसता गप्प बसला, तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. तुम्ही नीट बघून घ्यायला हवं होतं असं म्हटलं जातं. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकली, तर करार कायद्याच्या 17 व्या कलमात ती फसवणूक म्हणून मोजली आहे. न सांगणं वेगळं, वर पॉलिश मारणं वेगळं. तुमच्या बाबतीत तर ‘कुठेही तडा नाही’ असं लेखी आहे, म्हणजे वर्णनाप्रमाणे माल नाही हा मुद्दाही तुमच्या बाजूनं आहे. ती जाहिरात तारखेसह जपा. आणि वेळ घालवू नका. माल बराच काळ काही न बोलता ठेवून घेतला तर तो स्वीकारला असं धरलं जातं.

उलट तपासणीत तडा ताजा, प्रवासातला निघाला तर? मग मनाची तयारी ठेवा. खासगी व्यवहारात वेगळं ठरलं नसेल तर माल वाहतुकदाराच्या हाती दिला की तो खरेदीदाराला दिल्यासारखाच धरतात, वाटेतली जोखीम बहुधा तुमची. विकणाऱ्यानं भोपळ्याला एका वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलं असेल तर त्याच्या निष्काळजीपणाबद्दल बोलता येतं. विमा होता का हे पावतीवर बघा आणि कुरिअरला लेखी तक्रार द्या, खोक्याच्या फोटोंसह. ‘नाजूक माल मालकाच्या जोखमीवर’ अशा छापील अटी असतात, फार आशा ठेवू नका. थेट व्यक्तीला यूपीआयनं पाठवलेले पैसे बँकही आपणहून परत आणून देत नाही. कार्डानं दिले असते तर बँकेकडे वाद नोंदवायची वाट होती.

आता एक गोष्ट, जी विकणाऱ्याला सांगू नका. दुरुस्त केलेला भोपळा म्हणजे वाईट तंबोरा नव्हे. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून ही कारागिरी चालत आली आणि 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतले जे तंबोरे आजही मैफलीत वाजतात, त्यांच्यात भोपळ्याला एकही ठिगळ नाही असे मी फार थोडे पाहिलेत. तूण लाकडाची दांडी, तबली आणि घोडी ठीक असेल तर पाठीमागचा नीट भरलेला तडा कानाला कळतसुद्धा नाही. माझा तो गळा उघडलेला पुरुषी तंबोरा मी परत केला नाही. सांधा सोडवला, सरसानं पुन्हा बसवला, आज तो आमच्या गल्लीतल्या क्लासात रोज दोन तास काळी एकलाच वाजतो.

म्हणून परत करायचा की ठेवायचा, हे तड्यावर ठरवू नका. तबली बसली असेल, दांडी पिळली असेल किंवा कीड लागली असेल तर परत करा, दुरुस्तीला हात घालू नका; खर्च तंबोऱ्याच्या किमतीच्या घरात जातो. फक्त भोपळा असेल आणि आवाज तुम्हाला आवडला असेल, तर मिरजेच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कारागिराकडून लेखी अंदाज घ्या. त्यात तडा उघडून भरणं, वरचं पॉलिश, जवारी वेगवेगळी लिहायला सांगा. जवारीचे पैसे विकणाऱ्याकडे मागू नका, तो खर्च तुमचाच. उरलेले मागा. 18,000 च्या व्यवहारात तीन-चार हजार परत मागणाऱ्याला लोक बहुधा देतात; सगळे मागणाऱ्याला फोन उचलत नाहीत. परत पाठवायचं झालंच तर पाठवण्याचा खर्च कोणाचा हे आधी लेखी ठरवा. पैसे हाती येईपर्यंत तंबोरा सोडू नका. त्यांना ते मान्य नसेल तर त्यांच्या गावातला एखादा गाणारा मध्ये घाला, त्यानं तंबोरा बघून ताब्यात घ्यायचा.

पाठवताना तारा सैल, घोडीखाली फडकं आणि वरून पट्टी, दांडीच्या मधोमध आधार, आणि भोपळ्याभोवती सगळीकडून चार बोटं जाडीचा मऊ थर. भोपळा खोक्याच्या भिंतीला कुठेही टेकता कामा नये.

रेघेचे दोन फोटो पाठवा. एक तिरक्या उजेडातला, शेजारी पट्टी ठेवून. दुसरा तबलीच्या काठाजवळचा, म्हणजे ती रेघ काठापर्यंत पोचते की मधेच थांबते ते दिसेल. पॉलिशला वास येतो का, तेही लिहा.